अर्ध्या मिस्सेच्या मागावर : व्हिएन्ना ते ऑग्सबर्ग

गुरुवार, व्हिएन्ना

साल्झबर्गच्या उन्हाळी संगीत महोत्सवात गेली कित्येक दशकं संत पीटर मठाच्या चर्चमध्ये मोझार्टची सी मायनर मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेसाठी रचलेलं संगीत, होत आली आहे. यंदा तिची दोन तिकिटं हाती लागली, तेव्हा ताई म्हणाली, "नुसतं ऐकून काय परतायचं? लिहिली कुठे, तिथून सुरुवात करू या." ताई व्हिएन्नात राहते, मी म्युनिकला. दोघंही वसईची, लहानपणी चर्चच्या गायनवृंदात उभी राहिलेली. मिस्सेचा क्रम आम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल.

ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच. गायल्या जाणाऱ्या लॅटिन मिस्सेचे पाच ठरलेले भाग. किरिए म्हणजे दयेची याचना, ग्लोरिया म्हणजे गौरवगान, क्रेदो म्हणजे श्रद्धेची कबुली, मग सांक्तुस (बेनेदिक्तुस त्यातच आलं) आणि शेवटी आन्युस देई, 'हे देवाच्या कोकरा'. मोझार्टच्या या मिस्सेतले पहिले दोन भाग पूर्ण आहेत, तिसरा मध्येच तुटतो, चौथ्याची मूळ प्रत बरीचशी हरवली आहे आणि पाचवा त्याने लिहिलाच नाही. १७८२-८३ मधलं हे काम. त्यानंतर तो आठ वर्षं जगला आणि ढीगभर लिहीत राहिला. तेव्हा बिचाऱ्याला वेळच मिळाला नाही, असं म्हणायची सोय नाही.

सकाळी योझेफप्लाट्झवर राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जुन्या दालनात गेलो. इतकी वर्षं इथे राहून ताईने ते पाहिलं नव्हतं. पाहुणे आले की शोनब्रुनचा राजवाडा दाखवायचा आणि घरी आणून वरण-भात वाढायचा, हा तिचा शिरस्ता. १७२०च्या दशकात बांधलेलं हे दालन ऐंशी मीटरच्या आसपास लांब आहे. घुमटात डानिएल ग्रानची चित्रं, मधोमध संगमरवरात सम्राट सहावा कार्ल आणि भिंतभर दोनेक लाख जुनी पुस्तकं. वरच्या कप्प्यांना लागणाऱ्या लाकडी शिड्या इतक्या उंच की ताईने आधी त्यांचाच फोटो काढला.

मला या जागेत रस होता तो बॅरन गॉटफ्रीड फान स्वीटेनमुळे. १७७७पासून तो इथला ग्रंथपाल. त्याआधी बर्लिनमध्ये राजदूत असताना त्याने बाख आणि हॅन्डेलच्या संगीताची हस्तलिखितं जमवली होती. व्हिएन्नात तेव्हा ही मंडळी जुनीपुराणी, जवळजवळ विसरलेली. १० एप्रिल १७८२च्या पत्रात मोझार्ट वडिलांना कळवतो की दर रविवारी दुपारी बाराला मी स्वीटेनकडे जातो आणि तिथे हॅन्डेल-बाखशिवाय दुसरं काही वाजत नाही. सव्विसाव्या वर्षी, नाव झालेल्या माणसाला अचानक पणजोबांची विद्या सापडावी तसं काहीसं झालं. मिस्सेतला ग्लोरिया ऐकला की या रविवारांचा हिशेब लागतो. शेवटची लांबलचक फ्यूग (एकच चाल एकामागून एक आवाजांनी उचलायची गुंफण) आणि 'क्वी तोल्लिस' या मधल्या तुकड्यातले दोन वृंद, आठ आवाज, खाली अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत जाणारा खर्ज. हे साल्झबर्गच्या जुन्या नोकरीतलं लिखाण नव्हे.

दुपारी यूडनप्लाट्झ. चौकाच्या मध्ये मारल्या गेलेल्या ऑस्ट्रियन ज्यूंचं स्मारक आहे, रेचल व्हाइटरीडने केलेलं. काँक्रीटमधली ग्रंथालयाची खोली, पण पुस्तकांच्या पाठी आतल्या बाजूला. सकाळच्या दालनानंतर हे पाहणं जड गेलं. याच चौकातल्या एका घरात १७ जून १७८३ला मोझार्टचा पहिला मुलगा राइमुंड जन्मला. त्याचं पुढे काय झालं ते साल्झबर्गमध्ये येईलच.

संध्याकाळी मिखाएलरप्लाट्झवर कॉफी घेतली, कारण इथे जुनं बुर्गथिएटर होतं. १८८८मध्ये ते बंद झालं आणि पाडलं गेलं. १७८५च्या मार्चमध्ये, उपवासकाळात, वादकांच्या विधवा आणि पोरक्या मुलांसाठी निधी जमवणाऱ्या संस्थेने मोझार्टकडे नवी रचना मागितली. त्याने सी मायनर मिस्सेचा किरिए आणि ग्लोरिया उचलले, लॅटिन काढून त्या जागी इटालियन शब्द बसवले, दोन नव्या एकलगीतांची भर घातली आणि 'दाविदे पेनितेन्ते' या नावाने सादर केलं. ताईला हे फारसं रुचलं नाही. "देवाचं गाणं काढून थिएटरात लावलं?" मला मात्र तो सरळ व्यवहार वाटतो. हातात तासाभराचं उत्तम संगीत पडून आहे, कुणी वाजवत नाही, आणि मागणी आली आहे.

शुक्रवार, साल्झबर्ग

निघण्यापूर्वी व्हिएन्नाच्या स्टेफान्सडोम कॅथेड्रलमध्ये पाच मिनिटं. ४ ऑगस्ट १७८२ला मोझार्ट आणि कॉन्स्टान्झे वेबर यांचं लग्न इथे लागलं. वडिलांचं, लिओपोल्डचं, संमतिपत्र दुसऱ्या दिवशी पोचलं. सून त्यांना पसंत नव्हती. ४ जानेवारी १७८३ला मोझार्ट वडिलांना समजावतो की मी मनोमन नवस बोललो होतो आणि तो खराच होता. पुरावा काय, तर अर्धी मिस्सा लिहून इथे पडली आहे. बायकोला घेऊन साल्झबर्गला यायचं आणि तिथे नवी मिस्सा करायची, असा हा नवस. खूप वर्षांनी, १८२९मध्ये, म्हातारी कॉन्स्टान्झे इंग्लंडहून भेटायला आलेल्या नॉव्हेलो दांपत्याला वेगळंच सांगते. तिच्या म्हणण्यानुसार नवस पहिल्या बाळंतपणासाठी होता. पत्र त्या काळातलं, आठवण शेहेचाळीस वर्षांनंतरची. मी पत्राच्या बाजूने.

साल्झबर्गला पोचलो तेव्हा इथला प्रसिद्ध पाऊस सुरू होता, दोऱ्या सोडल्यासारखा बारीक आणि सरळ. बॅगा टाकून माकार्टप्लाट्झवरच्या मोझार्टच्या राहत्या घरात गेलो. गेट्राइडेगासेतलं पिवळं जन्मघर सगळे पाहतात, दारात सेल्फीची रांग असते. नवसाची गोष्ट घडली ती इथे. लिओपोल्ड १७७३पासून १७८७मध्ये वारेपर्यंत याच घरात राहिले, आणि १७८३च्या जुलैअखेर मुलगा-सून येऊन तीन महिने राहिले ते इथेच. १९४४च्या बाँबहल्ल्यात घराचा मोठा भाग गेला होता. आजची इमारत १९९६मध्ये पुन्हा उभी केलेली आहे. मोठ्या दिवाणखान्यात ते कौटुंबिक चित्र पाहिलं. पियानोवर बहीण नानेर्ल आणि वोल्फगांग, म्हणजे आपला मोझार्ट, शेजारी शेजारी, दोघांचे हात एकमेकांवरून गेलेले. लिओपोल्ड हातात व्हायोलिन घेऊन. आई १७७८मध्ये गेलेली, म्हणून ती भिंतीवरच्या चौकटीत. या चौघांच्या घरात कॉन्स्टान्झेने पाऊल टाकलं. ताई चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "नणंद कडक दिसते."

येण्याआधी मोझार्टला साल्झबर्गची भीतीच वाटत होती. साल्झबर्गच्या आर्चबिशप कोलोरेडोची नोकरी त्याने १७८१मध्ये भांडून सोडली होती, शेवटी आर्चबिशपच्या दरबारातल्या काउंट आर्कोने लाथ घालून बाहेर काढलं होतं, पण रीतसर मुक्तीचा कागद मिळाला नव्हता. गावात पाय ठेवला तर आर्चबिशप अटक तर नाही ना करणार, हे तो वडिलांना पत्रातून विचारतो.

तान्ह्या राइमुंडला त्यांनी व्हिएन्नात दाईकडे ठेवलं होतं. १९ ऑगस्टला ते बाळ वारलं. आईबाप इथे, याच घरात होते.

पाऊस थांबल्यावर संत पीटर मठाच्या दफनभूमीशेजारच्या बेकरीत गेलो. दाराशी पाण्याचं चाक फिरतं, पायऱ्या उतरून तळघरासारख्या खोलीत जायचं. लाकडाच्या भट्टीतला, आंबवलेल्या पिठाचा काळसर पाव मिळतो. कवच इतकं टणक की ताईने पाव टेबलाच्या कडेवर टेकवून मोडला. आतून ओलसर, आंबूस आणि अजून गरम. हॉटेलातली न्याहारी त्यानंतर कुणाला नको झाली.

शनिवार, साल्झबर्ग

सकाळ मठातच घालवली. संत रूपर्टने ६९६च्या सुमारास वसवलेला हा बेनेडिक्टाइन मठ, जर्मन भाषक मुलखात अखंड चालत आलेल्या मठांत सगळ्यांत जुना. चर्चची मूळ भिंत बाराव्या शतकातली, पण आत शिरल्यावर डोळ्यांत भरतं ते अठराव्या शतकातलं रोकोको. पांढऱ्यावर फिकट हिरवं नक्षीकाम आणि दोन्ही बाजूंना लालसर संगमरवरी वेद्या. मोझार्ट आला तेव्हा ही सजावट नवी कोरी होती.

मिस्सा कॅथेड्रलमध्ये न होता इथे का झाली? कोलोरेडोला लांबण लागलेली मिस्सा खपत नसे. १७७६मध्येच मोझार्टने बोलोन्याच्या संगीतगुरू पाद्रे मार्तिनींना लिहिलं होतं की इथे सगळं मिळून पाऊण तासात आटपावं लागतं. आणि या मिस्सेचा किरिए आणि ग्लोरियाच अर्ध्या तासाच्या पुढे जातात! मठाचा कारभार मठाधिपतीच्या हाती आणि मोझार्ट घराण्याचं इथे जाणं-येणं. तेरा वर्षांच्या वोल्फगांगने १७६९मध्ये याच मठातल्या तरुण संन्याशासाठी, म्हणजे घरमालक हागेनाउअर यांच्या मुलासाठी, मिस्सा लिहिली होती.

नानेर्लची रोजनिशी तारखा पुरवते. २३ ऑक्टोबर १७८३ला तालीम झाली आणि एकलगीतं वहिनी गाते आहे. २६ला, रविवारी, भावाची मिस्सा संत पीटरमध्ये झाली, दरबारचे सगळे वादक हजर होते. कशी झाली, कोण रडलं, वडील सुनेला काय म्हणाले, काही नाही. नानेर्ल हवामान मात्र नियमित नोंदवते. २७ला सकाळी पाहुणे निघाले आणि मोझार्टने पुन्हा कधी साल्झबर्गचं तोंड पाहिलं नाही.

संध्याकाळी आमची जागा डाव्या बाजूला, खांबाच्या किंचित आड. बाक लाकडी, पाठ सरळ आणि लोक खच्चून. बाहेर पावसाने गारवा आलेला, आत कोट काढावेसे वाटत होते.

सुरुवात तंतुवाद्यांची, दबकत चढणारी, आणि मग वृंद एकदम 'किरिए' म्हणून कोसळतो. पहिल्या सोप्रानोला, म्हणजे उंच पट्टीच्या गायिकेला, 'क्रिस्ते'मध्ये वरून खाली आणि खालून वर अशा उड्या आहेत. मोझार्टने कॉन्स्टान्झेच्या रियाजासाठी लिहिलेल्या एका पाठाशी या ओळी जुळतात, म्हणजे सासरच्या गावात बायको कुठे चमकेल हे त्याने आधीच पाहून ठेवलं होतं.

'क्वी तोल्लिस'बद्दल वाचलेलं सगळं ते सुरू झाल्यावर विसरायला होतं. तंतुवाद्यं ठेचकाळत चालतात, दोन वृंद एकमेकांवर हाका टाकतात आणि मध्येच सगळं एकदम हळू होतं, 'मिझेरेरे', दया कर. ताईने माझं मनगट धरलं होतं, त्याचा वळ नंतर दिसला.

मग क्रेदोचा पहिला भाग आणि 'एत इन्कार्नातुस एस्त', देव मनुष्य झाला एवढ्या एकाच वाक्यावर आठेक मिनिटांचं गाणं. सोप्रानो, बासरी आणि ओबो व बासून ही दोन फुंकवाद्यं. शेवटी वृंद नाही, तंतुवाद्यं थांबतात आणि हे चौघं मिळून एक लांब आलापी घेतात, आवाज कुठला आणि बासरी कुठली कळत नाही. हस्तलिखितात या भागाच्या तंतुवाद्यांच्या बऱ्याच ओळी रिकाम्या आहेत, संपादकांनी त्या भरल्या आहेत. आणि इथेच क्रेदो संपतो. आम्हा वसईकरांना लगेच खटकतं, कारण जीभ पुढे चालायला लागते. क्रुसावर खिळला, मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. श्रद्धेच्या कबुलीतला सगळा कणा पुढेच आहे. मोझार्टने बाळ जन्माला घातलं आणि कागद बाजूला ठेवला.

एका माणसाकडे मात्र माझं सारखं लक्ष जात होतं, खर्जातल्या एकल गायकाकडे. मिस्सा सुरू झाल्यापासून तो नुसता बसून. ग्लोरिया गेला, क्रेदो गेला, सांक्तुस गेलं. बेनेदिक्तुसमध्ये चौघांचं गाणं आलं तेव्हा कुठे तो उठला, आपला वाटा गायला आणि पुन्हा बसला. याला आन्युस देईत नक्की काहीतरी मिळणार होतं, असं ताईचं ठाम मत. शेवट 'होसान्ना'वर झाला. टाळ्यांच्या आधी एक-दोन सेकंद लोक थबकले, संपलं की अजून आहे अशा बेतात.

जेवताना वाद झाला. ताईचं म्हणणं, मूल गेलं, नवसाचं मन उरलं नाही, म्हणून मिस्सा सोडली. ऐकायला पटतं. पण बाळ गेल्यावर दोन महिन्यांनी त्याने ती तालमी घेऊन बसवली, बायकोला गायला उभं केलं. मला कारण साधं दिसतं, गिऱ्हाईक नव्हतं. साल्झबर्गला एवढी लांब मिस्सा चालणार नव्हती. व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या योझेफने १७८३च्या ईस्टरपासून उपासनेची नवी शिस्त लावली, तिच्यात वाद्यवृंदाच्या थाटामाटाला कात्री लागली. बिदागी देणारा कुणी नाही, नवस बायकोला घेऊन येण्यापुरता फिटलेला. याच्या शेजारी त्याचा रेक्वियम, म्हणजे मृतांसाठीची मिस्सा, ठेवून पाहा. तोही अर्धवटच राहिला, पण काउंट वाल्झेगने अर्धे पैसे आगाऊ दिले होते, उरलेले काम पुरं झाल्याशिवाय मिळणार नव्हते. म्हणून कॉन्स्टान्झेने नवऱ्यामागे तो त्याचा शिष्य ज्युस्मायर याच्याकडून पुरा करून घेतला. तीच कॉन्स्टान्झे. या मिस्सेत ती स्वतः गायली होती, पण ही पुरी करून घ्यायला तिच्याकडे कुणी पैसे घेऊन आलं नाही.

ताई म्हणाली, "तू सगळ्याचा हिशेब मांडतोस." मग आम्ही साल्झबुर्गर नोकेर्ल मागवलं. अंड्याच्या फेसाचे तीन भाजलेले डोंगर, वर पिठीसाखर. गोडमिट्ट. दोघांना एक पुरून उरतं.

रविवार, लांबाख

या दिवसासाठी मी सगळी आखणी केली होती. २७ ऑक्टोबरला साल्झबर्गहून निघालेले नवरा-बायको व्योक्लाब्रुकला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी लांबाखच्या बेनेडिक्टाइन मठात पोचले. लिंझहून ३१ ऑक्टोबरच्या पत्रात मोझार्ट लिहितो की मी अगदी वेळेवर पोचलो, आन्युस देईला ऑर्गनची साथ करायला मिळाली, आणि मठाधिपतींना मला पुन्हा पाहून फार आनंद झाला.

म्हणजे दोन दिवसांपूर्वी ज्या भागाशिवाय त्याची मिस्सा उभी राहिली, तोच भाग रस्त्यातल्या एका मठात त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी संगीतावर वाजवला. पत्रात तो हे सहज सांगतो, स्वतःच्या मिस्सेचा उल्लेखही जोडत नाही.

साल्झबर्गहून लोकल गाडीने लांबाखला उतरलो. मठ गावाच्या डोक्यावर, खाली ट्राउन नदी. चर्चच्या पश्चिमेकडच्या जुन्या भागात अकराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. मारिया बाळाला घेऊन बसलेली, तीन राजे, हेरोद. रंग विटले आहेत पण डोळे टपोरे आणि रोखलेले. मोझार्टला ती दिसली नसणार, तेव्हा ती झाकलेली होती.

दहाच्या आसपासची मिस्सा, गावातली. बाकांवर पन्नास-साठ माणसं, निम्म्याहून अधिक पांढऱ्या केसांची. जर्मनमधली साधी गाणी, वृंद नाही, ऑर्गन आणि लोकांचा आवाज. भाकर मोडायच्या वेळी 'देवाच्या कोकरा' आलं. तीन ओळी, अर्धा मिनिट. शेजारच्या आजींनी पुस्तक न उघडता म्हटलं. ताईने मराठीतून पुटपुटलं, मला ऐकू आलं. वसईला आजोबांना हे लॅटिनमध्ये पाठ होतं. साठच्या दशकात मिस्सा मराठीत आली तरी ते बेरीज-वजाबाकी करताना 'आन्युस देई' गुणगुणत.

बाहेर पडल्यावर नदीपलीकडच्या श्टाडल-पाउराला चालत गेलो. तिथलं चर्च त्रैक्याला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) वाहिलेलं, १७१४ ते १७२४मध्ये बांधलेलं, आणि बांधणाऱ्याने तीनचा आकडा अगदी मनावर घेतला आहे. तीन मनोरे, तीन दारं, तीन वेद्या, तीन ऑर्गन. ताई हसून हसून दमली. मिस्सेशी त्याचा काही संबंध नाही, पण लांबाखपर्यंत आलात तर चुकवू नका.

मोझार्ट इथून लिंझला गेला आणि तिथे ४ नोव्हेंबरच्या मैफलीसाठी हाताशी एकही सिम्फनी नाही म्हणून चारेक दिवसांत एक नवी लिहून मोकळा झाला. मागणी असली की हा माणूस काय वेगाने लिहायचा, याचं याहून ठळक उदाहरण नको. मी हे बोलून दाखवल्यावर ताई म्हणाली, "झाला तुझा हिशेब सुरू."

सोमवार, ऑग्सबर्ग

ताईला परत जायचं होतं, पण "इथवर आले तर शेवट पाहून जाते" म्हणाली. म्युनिकला गाडी बदलून ऑग्सबर्ग. हे लिओपोल्डचं गाव. फ्राउएनटोरश्ट्रासेवर त्यांचं जन्मघर आहे. ते बाहेरूनच पाहिलं आणि हाइलिग क्रॉइझ, म्हणजे पवित्र क्रुसाच्या चर्चला गेलो. एकाच नावाची दोन चर्चं शेजारी शेजारी आहेत, एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट. आपलं ते कॅथलिक. १९४४च्या फेब्रुवारीत ते जळलं, आजचं आतलं रूप युद्धानंतरचं, साधं. साल्झबर्गच्या झगमगाटानंतर डोळ्यांना बरं वाटतं.

१७७७मध्ये मोझार्ट इथल्या मठात येऊन वाजवून गेला होता. लिओपोल्ड वारल्यावर त्यांच्याकडच्या संगीताच्या काही वह्या इथे आल्या, त्यांत १७८३च्या सादरीकरणाचे वेगवेगळ्या वाद्यांचे आणि आवाजांचे सुटे कागदही होते. पुढे मठातल्या पाद्री माथेउस फिशर यांनी ते सुटे कागद जुळवून सलग प्रत उतरवली. सांक्तुस आणि बेनेदिक्तुस आज ऐकायला मिळतात ते प्रामुख्याने या प्रतीमुळे, कारण त्या भागांचं मोझार्टच्या हातचं फारच थोडं उरलं आहे. फिशरनी दुहेरी वृंदाचे आठही आवाज मात्र उतरवले नाहीत, त्यामुळे 'होसान्ना'तला दुसरा वृंद संपादकांना अंदाजाने बांधावा लागतो. मूळ हस्तलिखित कॉन्स्टान्झेने इतर कागदांबरोबर ओफेनबाखच्या आंद्रे या प्रकाशकाला विकलं. छापील मिस्सा आली ती १८४०मध्ये.

चर्चमध्ये सफाई करणाऱ्या बाईंना आम्ही विचारलं, फिशरांचं इथे काही आहे का? त्यांनी झाडू भिंतीला लावला, विचार केला आणि मेणबत्त्यांचा दर सांगितला. आम्ही दोन लावल्या.

म्युनिकच्या परतीच्या गाडीत पुन्हा तोच विषय. १९०१मध्ये आलोइस श्मिटने ही मिस्सा पुरी करायचा पहिला मोठा प्रयत्न केला. क्रेदोतल्या रिकाम्या जागी मोझार्टच्याच इतर चर्च-रचना बसवल्या आणि आन्युस देईचे शब्द किरिएच्या संगीतावर चढवले. २००५मध्ये रॉबर्ट लेव्हिनने मोझार्टची टिपणं आणि 'दाविदे पेनितेन्ते'तलं संगीत वापरून सगळे भाग पुरे केले. १९५६ची रॉबिन्स लँडनची प्रत मात्र आहे त्या भागांतल्या फटी बुजवते आणि थांबते. मला ती पुरते. ताईला लेव्हिनची पूर्ण मिस्सा ऐकायची आहे, मुख्यतः त्या खर्जवाल्या गायकाला काय मिळतं ते बघायला. म्युनिकला पुढच्या हिवाळ्यात कुठे होते का, ते शोधायचं काम तिने माझ्यावर टाकलं आणि व्हिएन्नाची गाडी पकडली.